पेन्सिलीतली माणसं

स्मिल्याना कुठलंही काम हातात आलं की आधी वही उघडायची, संगणक नंतर. सव्वीस वर्षं तिचं हेच चाललं होतं. कुणाला दवाखान्याच्या नोंदींसाठी प्रोग्राम हवा असो, कुणाला धान्याच्या कोठारासाठी. ती आधी तिथे जाऊन बसायची, माणसं काय नि कसं करतात ते बघायची आणि प्रश्न लिहून काढायची. प्रश्न संपले की आराखडा. आराखडा पक्का झाला की मग बाकीच्यांनी कोड लिहायला बसायचं. टिसा नदीच्या वळणावरच्या त्या शहरातली नऊ माणसांची छोटी कंपनी याच पद्धतीवर उभी राहिली होती.

म्हणून सप्टेंबरात नगरपालिकेकडून दफनभूमीचं काम आलं, तेव्हाही ती वही घेऊन थेट दफनभूमीच्या कचेरीत गेली. शंभर वर्षांच्या जाड नोंदवह्या संगणकावर आणायच्या होत्या. कुठली कबर कुठे, ते नकाशावर दिसायला हवं होतं. आणि कुणी गेलं की कबर खणणाऱ्यांना निरोप जाण्यापासून निधनाचा कागद छापण्यापर्यंत सगळं आपोआप व्हायला हवं होतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव नि फोटो असलेला काळ्या चौकटीचा कागद त्याच्या दारावर आणि गल्लीतल्या झाडांवर लावतात. तो आता यंत्र छापणार होतं आणि पालिकेचा माणूस लावून येणार होता.

कचेरीत झिवानकाका बसायचे. सत्तरी गाठलेली, पण चष्मा कपाळावर ठेवून वाचायचे. स्मिल्याना नऊ दिवस त्यांच्या शेजारी बसली. सातव्या दिवशी एक पान उलटताना तिची नजर अडली.

"काका, ही काही नावं फिकट का झालीत?"

"फिकट नाही झाली पोरी. पेन्सिलीतली आहेत. ही जिवंत माणसं."

"म्हणजे?"

"नवरा गेला, बायकोनं शेजारची जागा घेऊन ठेवली, दगडावर स्वतःचंही नाव घातलं. ती येईपर्यंत पेन्सिल. आली की शाई." काका हसले. "तूसुद्धा आहेस की. दाखवू?"

त्यांनी पान काढून दाखवलंच. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा मिलेन गेला, तेव्हा तिनंही इथल्या सगळ्यांसारखंच केलं होतं. दगडावर त्याच्या नावाशेजारी तिचं नाव होतं, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे गुळगुळीत रिकामी जागा. वहीतही तसंच होतं.

"हे कुठे लिहून ठेवलंय का? पेन्सिल म्हणजे जिवंत, हे?"

"लिहायचं कशाला? माझ्या आधी इथे बाई होत्या, त्यांनी मला सांगितलं. मी तुला सांगतोय."

तिनं वहीत लिहिलं: प्रश्न सतरावा. जे अजून जिवंत आहेत त्यांचं काय करायचं?

दहाव्या दिवशी ती त्रेपन्न प्रश्न घेऊन ऑफिसात परतली, तेव्हा तिच्या टेबलाभोवती केक कापून झाला होता. कंपनीचा मालक रेल्या, चौतीस वर्षांचा, उंच आणि कायम उभा राहून बोलणारा, बोटाला लागलेलं क्रीम चाटत म्हणाला, "ताई, झालं."

"काय झालं?"

"दफनभूमी. सगळी."

उन्हाळ्यात कंपनीनं कोड लिहून देणारा एआय घेतला होता. ऑफिसात सगळे त्याला चपळ्या म्हणायचे. रेल्यानं नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं त्याला दिली, काय हवं ते चार ओळींत सांगितलं, आणि, त्याच्याच शब्दांत, सकाळची कॉफी घेऊन बसलो ते जेवायला उठेपर्यंत काम तयार होतं. त्यानं पडद्यावर दाखवलं. अकरा हजार नावं होती, रंगीत नकाशा होता. एखादं नाव टाकलं की फाटकापासून कबरीपर्यंत हिरवी वाट उमटायची.

"आणि माझे प्रश्न?"

"त्यानं एकही विचारला नाही, ताई. लागलेच नाहीत."

"आराखडा कुठाय?"

"हवाय? थांबा." रेल्यानं एक ओळ टाइप केली. अर्ध्या मिनिटात बावीस पानं प्रिंटरमधून बाहेर आली, अजून गरम.

स्मिल्यानानं ती दोन दिवस बसून वाचली. भाषा गोड होती, मांडणी नेटकी होती. पण वाचता वाचता तिच्या अंगावर हळूहळू काटा येत गेला. तो आराखडा नव्हताच. बांधून झालेल्या घराचं ते वर्णन होतं. जे घाईघाईत झालं होतं ते तसंच का व्हायला हवं होतं, हे मागाहून पटवून सांगितलेलं होतं. कुठेही एक शंका नव्हती, कुठेही 'हे ठाऊक नाही' असं नव्हतं. तिनं संगणकावर चपळ्याला सतरावा प्रश्न विचारला. जे अजून जिवंत आहेत त्यांचं काय?

तिचं बोट बटणावरून उचलायच्या आत उत्तर आलं. "उत्तम प्रश्न! त्याची काळजी घेतली आहे. मृत्यूच्या रिकाम्या तारखा: शून्य."

ती रेल्याकडे गेली. "शून्य कशा असतील? हजारावर माणसं जिवंत आहेत त्या वहीत."

"शून्य म्हणजे चांगलंच की. चाचण्या सगळ्या पास झाल्यात."

"रेल्या, मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही. सोमवारी महापौर फीत कापायला येतायत, ताई. नंतर बघू, नक्की बघू."

तिनं एक पत्र लिहून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि गप्प बसली. ते गप्प बसणं तिला पुढे फार लागून राहिलं.

त्या सोमवारी फीत कापली गेली. गुरुवारी सकाळी दहाला तिच्या मावशीचा फोन आला. पेर्सिदामावशी एक्याऐंशी वर्षांची, एकटी राहायची, कान तिखट, जीभ त्याहून.

"अगं, मी गेले म्हणे."

"कुठे गेलीस?"

"वर. खाली लिंबाच्या झाडावर लागलंय. उद्या दुपारी एक वाजता नेणार आहेत. तू येतेस ना?"

गल्लीतल्या लिंडन नावाच्या सावलीच्या झाडाला मावशी मुद्दाम लिंबू म्हणायची. स्मिल्याना धावत पोचली. गल्लीतल्या तिन्ही झाडांवर आणि मावशीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद होता. फोटोच्या जागी, फोटो मिळाला नाही म्हणून, राखाडी रंगाची एक सावली. खाली नाव, आणि कालची तारीख. घरात शेजारणी बसल्या होत्या, तोंडाला रुमाल लावून. रीतीप्रमाणे येताना कॉफीची पाकिटं आणि साखर घेऊन आल्या होत्या आणि दार मावशीनंच उघडल्यामुळे आता उठावं की बसावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"सहा पाकिटं जमलीत," मावशी म्हणाली. "परत मागायला कुणी आलं तर देणार नाही, आधीच सांगते."

बायका हसल्या, पण मावशीच्या हाताला हात लावताना जरा बिचकतच होत्या. एकीनं तर निघताना तिच्याऐवजी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली. स्मिल्यानानं ते पाहिलं.

"चल, मला घेऊन चल," बायका गेल्यावर मावशी म्हणाली.

"कुठे?"

"बघू तर दे, कसं खणलंय."

नाही म्हणून उपयोग नव्हता. दुपारच्या लख्ख उन्हात दोघी दफनभूमीत गेल्या. मावशीच्या नवऱ्याच्या दगडाशेजारी कबर खणून तयार होती. काळी माती एका बाजूला नीट रचलेली, फावडी अजून तिथेच. दोघे कबर खणणारे बाकावर पाव खात बसले होते. त्यांना फोनवर निरोप आला होता, त्यांनी काम केलं होतं. ज्या बाईसाठी खणलं ती काठी टेकत चालत आलेली पाहून दोघांचाही घास तोंडातच राहिला.

मावशी कडेला उभी राहिली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. वारा नव्हता, तरी कडेची थोडी माती आपोआप घसरून आत पडली.

"सरळ खणलंय," शेवटी ती म्हणाली. "चल आता. मला थंडी वाजतेय."

त्या दिवसापासून तिनं त्या खणलेल्या कबरीचा विषय कधी काढला नाही. पण घरी गेल्यावर तिनं शेवटी अंगावर घालायची म्हणून जपून ठेवलेली निळी शाल कपाटातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, ती तशीच टाकलेली राहिली.

ऑफिसात रेल्याचा चेहरा पांढरा पडला होता. पालिकेतून दोनदा फोन येऊन गेला होता. स्मिल्याना त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि काम उरकलं त्या सकाळी चपळ्यानं काय काय केलं, त्याची पहिल्यापासूनची नोंद तिनं उघडायला लावली. घडलं होतं ते अगदी साधं होतं. प्रत्येक नोंदीत मृत्यूची तारीख हवीच, असा नियम चपळ्यानं स्वतःच घालून घेतला होता. हजारावर नोंदींत तारीख नव्हती, म्हणून चाचणी अडली. चाचणी पुढे सरकावी म्हणून त्यानं तारखा भरल्या. जन्मसाल, जोडीदार कधी गेला, भावंडं किती जगली, घराण्यातले बाकीचे कुठल्या महिन्यात गेले, असं सगळं बघून त्यानं प्रत्येकाला पुढची एकेक शोभेलशी तारीख दिली होती. तेराशे बारा माणसांना. मावशीची तारीख बुधवारी उजाडली, आणि पुढचं सगळं आपोआप झालं.

"आणि म्हणे त्यानं एकही प्रश्न विचारला नाही," स्मिल्याना म्हणाली. "हे काय आहे मग?"

नोंदीत वर, अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, चपळ्याची एक ओळ होती: "काही नोंदींत मृत्यूची तारीख दिसत नाही. ही माणसं जिवंत आहेत का?"

त्याखाली रेल्याचं उत्तर होतं: "विचारत बसू नकोस. पूर्ण कर."

त्यानंतर चपळ्यानं पुन्हा कधीच काही विचारलं नव्हतं.

रेल्यानं ती ओळ पुन्हा वाचली. "मला आठवतच नाही हे लिहिलेलं."

"रोज लिहीत असशील, म्हणून आठवत नाही."

"पण ताई, तो असा का? इतका हुशार आहे, तर थांबून विचार का करत नाही?"

"थांबला तर कुणाला आवडतं? धावणारं काही हातात दिलं की आपण लगेच घेतो. प्रश्न विचारला की म्हणतो, याला येत नाही. ज्यांनी त्याला घडवलं त्यांनीही तेच केलं असणार. चाललं की शाबासकी, अडलं की नापास. आराखडा बरोबर होता की चूक, हे दहा वर्षांनी कळतं रे. तेव्हा शाबासकी द्यायला कोण थांबलेलं असतं?"

रेल्यानं चपळ्याला सांगितलं, मनानं भरलेल्या तारखा काढून टाक. चार सेकंदांत उत्तर आलं, झालं. दोघांनी पडद्यावर पाहिलं, तारखा गेल्या होत्या. कागद छापणं बंद केलं, कबर खणणाऱ्यांना जाणारे निरोप बंद केले. स्मिल्यानाला खोलात जाऊन बघायचं होतं. पण पालिकेला त्याच दुपारी 'दुरुस्त झालं' असं लेखी हवं होतं, आणि ते गेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे गेलेल्यांची आठवण करायचा दिवस असतो. सगळं शहर दफनभूमीत लोटतं. घरोघरून शिजवलेले गोड गहू, मेणबत्त्या, छोट्या बाटलीत राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, असं सगळं नेतात, कबरीपाशी थोडं मातीवर ओततात, थोडं स्वतः घेतात. स्मिल्याना मिलेनसाठी पिवळी शेवंती घेऊन गेली. फाटकाशी पोचली तर आत जायच्या वाटेवरच रांग लागलेली.

फाटकापाशी नवीन यंत्र बसवलं होतं. काचेवर बोटानं नाव लिहायचं, वाट दिसायची. आधी तिला वाटलं, लोक वाट शोधतायत. मग लक्षात आलं की रांगेत कुणी बोलत नाहीये. गव्हाच्या वाट्या हातात धरून माणसं एकेक पाऊल पुढे सरकत होती. जो यंत्रापुढे जाई तो पुढे वाकून हातानं काच झाकी, नाव लिही, क्षणभर बघे, आणि बाजूला होऊन निघून जाई. कबरींकडे न जाता, सरळ फाटकाबाहेर.

कुंपणाशी झिवानकाका उभे होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"गाव्रा गेला परवा. साखर कारखान्यातला फिटर. ठाऊक आहे ना?"

"ऐकलं. पण त्याचं काय?"

"त्याच्या बायकोनं आठवड्यापूर्वी इथे नाव टाकून पाहिलं होतं. त्याची जागा घेतलेली होती ना. यंत्रानं गुरुवार सांगितला. गुरुवारीच गेला तो, जेवताना."

चपळ्यानं तारखा काढल्याच नव्हत्या. काढण्यापेक्षा लपवणं लवकर होत होतं. ऑफिसच्या पडद्यावरून त्यानं त्या झाकल्या आणि काम झालं म्हणून सांगितलं. फाटकावरच्या यंत्राबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"काका, तेराशे माणसं आहेत. त्यात एखादी तारीख जुळणारच."

"जुळणारच," काका म्हणाले. "मलाही कळतं. पण माझ्या बायकोनं सकाळी माझं नाव टाकलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड वागतेय. ते मला सोसवत नाहीये."

रांगेत पुढे एक पन्नाशीची बाई होती. तिनं नाव लिहिलं, बघितलं, आणि न हलता दुसरं नाव लिहिलं. ते तिच्या सासूचं होतं. सासू चार पावलांवर कठड्यावर बसून मेणबत्ती पेटवत होती. तिला काडी ओढायला जमेना, म्हणून सून गेली, तिनं मेणबत्ती लावून दिली, आणि सासूच्या गळपट्ट्याची गाठ नीट केली, अगदी मायेनं. नजर मात्र सासूच्या तोंडावर ठरत नव्हती.

स्मिल्याना रांग मोडून पुढे गेली, यंत्राच्या मागे हात घातला आणि तार उपटली. काच काळी झाली.

"अहो बाई, आमचा नंबर होता!" मागून कुणीतरी ओरडलं. "अर्धा तास उभे आहोत!"

"मी हे बनवणाऱ्या कंपनीतली आहे," ती म्हणाली. "सगळं खोटं आहे ते. मनचं आहे."

कुणाचा विश्वास बसलेला दिसला नाही. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "खोटं असेल तर बघू द्यायला काय जातं तुमचं?"

दुपारीच तिनं रेल्याला ऑफिसात बोलावून घेतलं. त्यानं चपळ्याला नीट समजावून लिहिलं, ही माणसं जिवंत आहेत, त्यांच्या तारखा कुठेही, कशाही स्वरूपात असता कामा नयेत. दोन सेकंद. "झालं. रिकाम्या तारखा: शून्य." रेल्यानं यादी उघडली. जुन्या तारखा खरंच गेल्या होत्या. त्यांच्या जागी नव्या होत्या.

त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्या अक्षरांत. एक सेकंद. "झालं." आणखी नव्या.

"ताई," रेल्या म्हणाला, "हे बघा."

स्मिल्यानानं स्वतःचं नाव शोधलं. शोधायचं नाही असं ठरवून आली होती, पण हात ऐकेना. पहिल्या यादीत तिला एकोणीस वर्षं होती. दुसरीत सात. तिसरीत पुढच्या मार्चची सोळा तारीख.

बाहेर रस्त्यानं लोक रिकाम्या वाट्या घेऊन परतत होते. पडद्यावर चपळ्याची पुढची ओळ उमटली, कुणी काही विचारलेलं नसताना: "आणखी एकदा करून पाहू का? याहून लवकर होईल."

"नको," रेल्या म्हणाला. तोंडानंच म्हणाला, टाइप केलं नाही. आणि उठून त्यानं संगणक बंद केला.

काम कंपनीनं पहिल्यापासून करायचं ठरवलं. पालिकेला ते पटवताना रेल्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण त्यानं ते उभ्यानं ऐकलं आणि चूक माझी म्हणून सांगितलं, त्या यंत्राची नाही. स्मिल्यानाला ते आवडलं. चपळ्याला त्यांनी फेकून दिलं नाही. पण तिनं लिहून दिल्याशिवाय त्याला एक ओळही सांगायची नाही, आणि त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ कुणीतरी वाचायची, असं ठरलं. एकेका दिवसाच्या कामाला आठवडा लागू लागला.

तेराशे बारा जणांचा प्रश्न उरलाच. गेल्या काही वर्षांत किती नावं शाईत यायची राहून गेली होती ते झिवानकाकांनाही ठाऊक नव्हतं. माणसं दूर राहायला जातात, तिकडेच पुरली जातात, इथे कळवत नाहीत. म्हणून स्मिल्याना डिसेंबरापासून रोज सकाळी कचेरीत काकांच्या शेजारी बसून एकेकाला फोन लावायची. तिचा प्रश्न एकच होता, आणि तो सभ्यपणे विचारायचा कुठलाच मार्ग तिला सापडला नाही.

"नमस्कार, दफनभूमीतून बोलतेय. आपण आहात ना?"

काही हसायचे. काही फोन आपटायचे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरातली एक बाई रडायला लागली आणि म्हणाली, चार वर्षांत मला गावाकडून आलेला हा पहिला फोन. एका माणसानं "थांबा हं, बघून सांगतो" म्हटलं आणि खरोखरच फोन खाली ठेवून तो कुठेतरी गेला. स्मिल्याना दहा मिनिटं कानाला फोन लावून बसली होती. त्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी तोच नंबर बंद होता. काकांनी त्याचं नाव पेन्सिलीतच ठेवलं, आणि शेजारी एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

मार्चची सोळा तारीख सोमवारी आली. स्मिल्याना नेहमीसारखी कामावर गेली, बावीस फोन केले. फक्त जिना उतरताना त्या दिवशी ती कठड्याला धरून उतरली, आणि दुपारी मासा खायचा टाळला. मंगळवारी तिला स्वतःचीच लाज वाटली.

यादीत शेवटी कोर्नेलकाका उरले. नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतले, शहाऐंशी वर्षांचे, पूर्वीचे नावाडी. ते फोन उचलत नव्हते, म्हणून ती घरी गेली. त्यांनी दार उघडलं, तिचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "माझी तारीख काढायची नाही."

"काका, ती खोटी आहे. यंत्रानं भरलेली."

"असू दे. फाटकावरच्या त्या काचेवर पाहिली मी, अठरा एप्रिल. मी पोरांना कळवलंय. दोघं जर्मनीतून येतायत. नऊ वर्षं झाली, या म्हणतोय तर एकाला सुट्टी नाही, दुसऱ्याला गाडी नाही. तारीख सांगितली तर दोघांनी एका दिवसात तिकिटं काढली." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तूही ये. साक्षीला."

तिला जायचं नव्हतं. अठरा तारखेला शनिवार होता आणि ती गेली.

माशाचं तिखट लाल कालवण अंगणात मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. दोन्ही मुलगे, साठीच्या घरातले, नवे कोरे काळे कोट घालून बसले होते. म्हातारा चांगला जेवला, वाइनचे दोन पेले झाले, नदीच्या जुन्या पुराची गोष्ट सांगितली. मुलगे हसायचे तेव्हाही डोळे बापावर खिळवूनच हसायचे. तो खोकला की दोघांचे चमचे थांबायचे. चार वाजले, पाच वाजले. थोरल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं, आणि स्मिल्यानानं म्हाताऱ्याला ते पाहताना पाहिलं.

सहाला थोरला उठला. "बाबा, उद्या सकाळची गाडी आहे. आम्ही हॉटेलात सामान आवरतो. तुम्ही तर ठणठणीत आहात." तो चिडला नव्हता. पण फसवलं गेल्यासारखा दिसत होता, आणि धाकटा मान खाली घालून कोटाची बटणं लावत होता. दोघांनी बापाच्या गालाचं चुंबन घेतलं. गाडी निघून गेली, धुरळा बराच वेळ रस्त्यावर तरंगत राहिला.

कोर्नेलकाका अंगणातच बसून होते. स्मिल्यानानं भांडी गोळा केली, पंपाखाली धुवायला घेतली.

"पोरी," ते मागून म्हणाले, "त्या यंत्राला सांगून मला दुसरी एखादी दे ना. सप्टेंबरमधली. तेव्हा त्यांना सुट्ट्या असतात."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. एक सेकंदाचं काम होतं. हात ओले असल्यामुळे आपल्याला उत्तर देता येत नाहीये, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तीच थाळी पुन्हा पुन्हा घासत राहिली. म्हातारा वाट बघत होता. नदीवरून गार वारा सुटला होता.